जुनी मात्रा

माझा दादा चाकणच्या बाजारात पोती उचलायचा. कुरुळीत आमची जमीन होती, पण ती आमच्या वडलांना, आबांना, आणि एका बैलजोडीला पुरेल एवढीच. म्हणून मिसरूड फुटायच्या आधीच तो हमालीला जाऊ लागला. कांदा, बटाटा, गुळाच्या ढेपा, जे येईल ते. पाठीवर पोतं घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना तो मुद्दाम मध्यावर थांबायचा आणि एक हेलकावा घ्यायचा. फळी लवायची, खालचे लोक ओरडायचे आणि हा हसत वर जायचा. संध्याकाळी घरी आला की रांजणावर तोंड धुऊन ओल्या हातानं केस मागं सारायचा आणि मला म्हणायचा, "चल, सायकल काढ."

सायकल चालवणारी मुलगी तेव्हा गावात कुणी पाहिली नव्हती. खळ्यात तो मागून सीट धरून पळायचा, आणि आई ओट्यावरून बोंबलायची, "आरं, तिचं लगीन करायचंय मला! हातपाय मोडून ठिवतोस का?" मी पडले की तो आधी हसायचा, मग उचलायचा. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होते.

उन्हाळी कांद्याच्या दिवसांत एकदा ती फळी निसटली. पोतं वर आणि दादा खाली. हाड मोडलं नाही, पण कंबरेत असं काही तरी सरकलं की त्याला उठून बसता येईना. लेप झाले, शेक झाला, मालिश करणारा बोलावून झाला. शेजारचे तात्या रोज येऊन त्याच्या उशाशी बसायचे. तात्या म्हातारे, दम्यानं खंगलेले. त्यांच्याकडे अफूचा परवाना होता. खेडला जाऊन ते महिन्याची अफू आणायचे आणि कंबरेला लावलेल्या पितळी डबीत ठेवायचे. एका सकाळी दादा वेदनेनं उशी चावत होता, ते त्यांना बघवेना. त्यांनी बाजरीच्या दाण्याएवढी गोळी वळली आणि त्याच्या तोंडात घातली.

"गिळ. घटकाभरानं बघ," ते म्हणाले.

घटकाभरानं दादा भिंतीला टेकून बसला आणि त्यानं भाकरी मागितली. आईनं तात्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. राज्यात दारूबंदी होती, दारू पिऊन सापडला तर पोलीस धरायचे, गावात तोंड दाखवायची सोय राहायची नाही. अफूचं तसं नव्हतं. ती औषध होती. पोट बिघडलं की अफू, गुडघे दुखले की अफू. आया कामावर जाताना तान्ह्या मुलांना दुधात उगाळून चाटवायच्या, म्हणजे मूल दिवसभर झोळीत गप पडून राहायचं. आईनं आम्हा दोघांनाही चाटवली होती.

दादा बरा होऊन बाजारात गेला, पण गोळी सुटली नाही. पाऊसकाळात ती बाजरीच्या दाण्याची तुरीच्या दाण्याएवढी झाली, थंडीपर्यंत त्याहून मोठी. तात्यांनी हात आखडता घेतला तेव्हा त्यानं दुसरीकडून सोय केली. तो जेवता जेवता पेंगायचा. नाक सारखं खाजवायचा. सायकल भिंतीला तशीच टेकून असायची. त्याच्या डोळ्यांतल्या काळ्या बाहुल्या बारीक, अगदी टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, ते मला दिसायचं, पण त्याचा अर्थ कळत नव्हता. संक्रांतीनंतर एकदा तो बैलांना पाणी दाखवायला म्हणून गेला आणि विहिरीच्या कडेला बसल्या बसल्या झोपला. आबांनी त्याला काखेत हात घालून घरी आणलं.

"किती खातूस?" आबांनी विचारलं.

दादा काडीनं चुलीतली राख उकरत राहिला.

"मी काय इचारतूय?"

"सुटत न्हाई, आबा," तो म्हणाला. आणि एवढा मोठा, पोती उचलणारा गडी, चुलीशी बसून हमसून हमसून रडला.

त्याला मामाकडे ठेवायचं ठरलं. खेड, म्हणजे आजचं राजगुरुनगर, त्याच्याही पलीकडे भीमेच्या काठी मामाचा मळा होता. तिथं अफू मिळायची नाही, बाजारातले सोबती भेटायचे नाहीत. तो गेला आणि आठवडाभरानं आई मला घेऊन त्याला बघायला गेली. भर उन्हाचा तो घोंगडी पांघरून बसला होता. नाकाडोळ्यांतून पाणी गळत होतं, जांभयांवर जांभया येत होत्या, पाय आपोआप झटकत होते.

"आये, हाडं आतनं कुणी तरी खरवडतंय," तो म्हणाला. "एवढीशी दे. नखाएवढी. पुन्यांदा मागायचो न्हाई."

आई उठून घराच्या मागं गेली आणि पदर तोंडात कोंबून उभी राहिली. मामा तिच्याजवळ जाऊन म्हणाला, "आक्का, तू आता घरी जा. तू हितं ऱ्हायलीस तर त्याला मिळंल कुटं तरी."

आम्ही परत आलो. मामानं नेटानं त्याला सांभाळलं. हळूहळू निरोप बरे येऊ लागले. झोप लागायला लागली, भाकरी जायला लागली, मोटेवर उभा राहतो, बैलांशी बोलतो. पाडव्याच्या आधी तो घरी आला तेव्हा गालांवर मांस चढलं होतं. आईनं त्या दिवशी कुळथाच्या पिठाची शेंगोळी केली. आबा कित्येक महिन्यांत त्याच्याशी धड बोलले नव्हते. त्यांनी आपल्या ताटातली शेंगोळी उचलून त्याच्या ताटात टाकली आणि म्हणाले, "खा." दादानं मान खाली घालून खाल्ली.

पिंपरीकडे तेव्हा कारखान्यांची बांधकामं निघाली होती. पोती आता उचलायची नाहीत म्हणून आबांनी ओळखीनं त्याला तिथं सामानावर देखरेखीचं काम बघून दिलं. तो सायकलनं जायचा, मोशीचा पूल ओलांडून भोसरीवरून. आल्यावर तिकडच्या गोष्टी सांगायचा. कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतले लोक आलेत, कोकणातल्या बायका कशा बोलतात, जमिनीत केवढे खड्डे खणलेत. आई ऐकता ऐकता त्याच्याकडे बघत राहायची. चैत्रातली गावची जत्रा जवळ आली होती, आणि जत्रा झाली की त्याच्यासाठी मुलगी बघायची असं ती मला हळूच सांगायची.

एका सुट्टीच्या दिवशी तो सकाळी बैल धुऊन आला आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. "पाठ धरलीया जरा," तो म्हणाला. सायकलच्या रोजच्या रपेटीनं जुनं दुखणं वर आलं होतं. आई शेकायला वीट तापवते म्हणाली. तो म्हणाला, "नगं, पडतो जरा." तो गोठ्यात गेला, थोड्या वेळानं बाहेर आला, जेवला, आणि पडवीत आडवा झाला.

दुपारी तो घोरायला लागला. मोठ्यानं, घशात पाणी अडकल्यासारखं. शेजारची काकू दळण घेऊन आली होती, ती हसून म्हणाली, "काय गं, कुंभकर्ण निजलाय जणू." मी त्याला कुशीवर करायला म्हणून उठले तर आईनं मला थांबवलं. "आवाज करू नगंस. लई महिन्यांनी असा झोपलाय माझा लेक. झोपू दे." तिनं त्याच्या अंगावर गोधडी घातली. माशा बसू नयेत म्हणून पदरानं वारा घातला. मग ती त्याच्याजवळच बसून शेंगा फोडू लागली.

दिवेलागणीच्या सुमाराला घोरणं बंद झालं.

आई म्हणाली, "वळला वाटतं कुशीवर. चहा टाक गं, उठंल आता."

मी चहा टाकला आणि त्याला हाक मारली. मग दुसरी. मी त्याच्या खांद्याला हात लावला. ओठ जांभळासारखे झाले होते. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या मांडीवरचं सूप खाली पडलं.

चाकणच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना चुलत्यानं सायकलवर बसवून आणलं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी पापणी वर करून कंदिलाच्या उजेडात डोळा पाहिला आणि विचारलं, "अफू खायचा का?"

"सोडली व्हती," आबा म्हणाले. "पार सोडली व्हती, साहेब."

डॉक्टरांनी पापणी परत मिटवली. आबा उठून गोठ्यात गेले. बऱ्याच वेळानं ते आले तेव्हा त्यांच्या हातात पत्र्याची एक चपटी डबी होती. मामाकडे जायच्या आधी दादानं ती वाशाच्या सांध्यात खोचून ठेवली होती. आम्हाला कुणालाच ते माहीत नव्हतं.

तेराव्यानंतर आई मला घेऊन चाकणला गेली. बाहेर रुग्णांची रांग होती, आम्ही शेवटपर्यंत बसून राहिलो. डॉक्टर तरुण होते, आमच्या दादाहून थोडे मोठे असतील. त्यांनी आईला ओळखलं आणि खुर्ची दिली. ती खुर्चीवर बसली नाही, खालीच बसली.

"मला नीट सांगा," ती म्हणाली. "आधी तो रोज खायचा. तवा काय झालं न्हाई. मग आताच कसं झालं?"

डॉक्टरांनी तिला समजेल असं सांगितलं. अफूची सवय असते तेव्हा शरीर मोठी मात्रा सोसतं. सोडून दिली की काही दिवसांतच ती सोसण्याची ताकद जाते. पण माणसाला जुनीच मात्रा आठवत असते. तो तेवढीच घेतो आणि तेवढी आता त्याला विष होते. आधी गाढ झोप लागते, मग श्वास मंद होत जातो.

आई म्हणाली, "म्हंजे सोडली म्हणून मेला?"

"नाही, आई. सोडली ते बरंच केलं. पण सोडलेल्या माणसानं पुन्हा घेतली तर काय होतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हालाही नव्हतं."

"आन् ते घोरणं?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. उत्तर द्यावं की नाही याचा त्यांनी विचार केलेला मला दिसला. "ती झोप नव्हती," ते शेवटी म्हणाले. "श्वास अडत होता."

आई रडली नाही. ती म्हणाली, "तवा काय कराया पायजे व्हतं ते मला शिकवा."

"आता कशाला?"

"शिकवा."

त्यांनी शिकवलं. अशा माणसाला एकटं झोपू द्यायचं नाही. हाक मारायची, चिमटे काढायचे, उठवून बसवायचं. ओठ काळेनिळे पडायला लागले, श्वास लांबला, की पालथं घालायचं, पाठीवर दोन्ही हातांनी दाबायचं, मग कोपरं धरून वर उचलायची, पुन्हा दाबायचं, आणि तसंच करत राहून कुणाला तरी डॉक्टरकडे पिटाळायचं. तेव्हाची ती पद्धत होती. आता वेगळं शिकवतात. आईनं मला तिथंच फरशीवर पालथं घातलं आणि दोनदा करून दाखवलं. बरोबर आहे का, असं विचारलं. तिच्या हातांचा दाब मला अजून पाठीवर आठवतो.

तात्या त्या दिवसांत आमच्या दारासमोरून जात नसत. मागच्या वाटेनं जायचे. एका सकाळी ते आले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आबांनी पाठ फिरवली.

"म्याच दिली पयली गोळी," तात्या म्हणाले. "ह्या हातानं."

"आमाला म्हाईत हाय," आबा म्हणाले. "आता जावा."

आई आतून आली. "थांबा, तात्या. आजून कुणाला देता?"

त्यांनी मान खाली घातली आणि गावातल्या तिघांची नावं सांगितली. सगळी दादाच्या वयाची पोरं. एक शिंप्याचा मुलगा, एक बाजारातलाच हमाल, आणि एक परभणीकडून आलेला गवंडी. हा गवंडी बायकोला घेऊन गावाच्या कडेला भाड्याच्या खोलीत राहायचा.

त्या संध्याकाळपासून आई त्या घरांत जाऊ लागली. लोकांना ते रुचलं नाही. पोटचा पोर नुकताच गेलेली बाई उंबऱ्यात आली की बायका आपली मुलं आत घेत. हमालाच्या आईनं तिला दारातच सुनावलं, "आमच्या पोराला काय धाड भरलीया? तुमच्या घरात झालं म्हणून समद्यांच्या घरात व्हनार व्हय?"

"म्या त्याला काय बोलाया आले न्हाई," आई म्हणाली. "सोड असंबी म्हणत न्हाई. सुटली तर चांगलंच हाय. पर सोडून परत घ्यायची येळ आली तर पयल्यावानी घेऊ देऊ नगा. आन् घोरायला लागला तर उठवा. निजू देऊ नगा. एवढंच."

दार लागलं.

आबांना हे कुणीतरी सांगितलं. ते रागानं लाल होऊन घरी आले. "तू लोकांना अफू कशी खायची ते शिकवत फिरतीस? पोरगा मेला आपला तिच्यापायी!"

"तो अफूपायी मेला, व्हय," आई म्हणाली. "आन् मी उशाशी बसले व्हते म्हणून मेला. हातात शेंगा घिऊन बसले व्हते, धनी. मला कुणी सांगितलं असतं तर तो आज मोशीवरनं सायकलनं येत असता."

आबा ओसरीवर जाऊन बसले. त्यानंतर ते तिला त्यावरून कधी काही बोलले नाहीत.

शिंप्याच्या घरात तिला बसायला पाट मिळाला. तिथला मुलगा ऐकून घ्यायचा. गवंड्याची बायको मात्र तिची वाट बघायची. ती अठराएक वर्षांची असेल, मुलखापासून लांब, एकटी. "काकू, मी काय करू सांगा की," असं तिच्या बोलीत लांबवून म्हणायची. आईनं तिलाही पालथं घालून दाखवलं.

तो हमाल पोरगा त्या पावसाळ्यात गेला. बहिणीच्या गावी महिनाभर अफूवाचून राहून आला होता. दुपारी निजला तो उठला नाही. त्याच्या आईला भेटायला आई गेली, तेव्हा त्या बाईनं दार लावलं नाही. दोघी भिंतीला टेकून बसल्या. मी बाहेर थांबले होते.

थंडीत एकदा भर दुपारी गवंड्याची बायको केस मोकळे सुटलेले, पायांत काही नाही, अशी धावत आली. "काकू, घोरायलेत! उठनाच गेलेत!"

आई हातातलं पीठ तसंच ठेवून पळाली. मी मागून. खोलीत तो उताणा पडला होता. तोच आवाज. घशात पाणी अडकल्यासारखा. आईनं त्याच्या थोबाडीत मारली, मग दुसरी मारली, त्याच्या आईबापाचं नाव घेऊन शिव्या दिल्या. त्यानं डोळे किलकिले केले आणि पुन्हा मिटले. ओठांवर निळसर छटा यायला लागली होती.

"पोरी, आबांना म्हण गाडी जुंपा. पळ!"

मी पळाले. आबा मळ्यात होते. त्यांनी कशाला, कुणासाठी, काही विचारलं नाही. बैल जुंपले. आम्ही परत आलो तेव्हा आई त्याला पालथा घालून त्याच्या पाठीवर दाबत होती, उचलत होती, दाबत होती, आणि त्याची बायको त्याच्या कानाशी नाव घेऊन ओरडत होती. तसंच त्याला गाडीत घातलं. चाकणपर्यंत आई गुडघ्यांवर बसून दाबत राहिली. ती दमली की मी, मी दमले की त्याची बायको. आबांनी आयुष्यात बैलांना कधी मारलं नव्हतं. त्या दिवशी मारलं.

डॉक्टरांनी सुई टोचली, पुढचं सगळं त्यांनी केलं. ऊन उतरायला लागलं तेव्हा गवंड्यानं पाणी मागितलं. त्याची बायको दवाखान्याच्या पायरीवर बसून वेड्यासारखी हसत होती. डॉक्टर बाहेर येऊन आईला म्हणाले, "तुम्ही शिकून घेतलंत म्हणून."

येताना गाडीत आम्ही तिघंच होतो. रस्त्यात कुणी नव्हतं. आई मागं पाय सोडून बसली होती. तिच्या हातांना वाळलेलं पीठ चिकटलं होतं, ते ती खरवडत होती. मग एकदम तिनं गाडीच्या फळीवर कपाळ टेकलं आणि रडायला लागली. दादा गेल्यापासून आम्ही तिला रडताना पाहिलं नव्हतं. आबांनी गाडी थांबवली नाही, पण बैलांना सावकाश केलं.

"परक्याचा उठला," ती म्हणत होती. "परक्याचा उठला गं."

गवंडी त्यानंतर आमच्या दारासमोरून मान खाली घालून जायचा. एकदाही बोलला नाही. मला राग यायचा. आई म्हणायची, "त्याला लाज वाटती. वाटू दे. जित्ता हाय न्हवं." त्यानं अफू सोडली की नाही, मला कळलं नाही. उन्हाळ्यात काम संपलं आणि ती दोघं कुठं दुसरीकडे कामाला गेली. जाताना त्याची बायको आईच्या गळ्यात पडून रडली. पुन्हा त्यांची काही खबर आली नाही. आई अधूनमधून म्हणायची, "असतील कुटं तरी."

शिंप्याच्या मुलानं थोडी थोडी कमी करत सोडली. मामानं केलं तसं एकदम तोडण्यापेक्षा ते बरं, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पुढं त्याचं लग्न झालं, पोरं झाली.

एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या शेवटी परवान्याची अफूही बंद व्हायला लागली. तात्यांचे फार हाल झाले. त्या वयात, त्या दम्यात, त्यांना ते झेपलं नाही. त्यांच्या घरी कुणी नव्हतं. आई दोन्ही वेळा पेज घेऊन जायची आणि त्यांना चमच्यानं पाजायची. एकदा मीही बरोबर होते. तात्यांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, "मला माफ कर, पोरी."

आई म्हणाली, "पेज गार हुतीया, तात्या. तोंड उघडा."

त्यांनी तोंड उघडलं. तिनं वाटी संपेपर्यंत त्यांना पाजलं, तोंड पुसलं, आणि आम्ही घरी आलो.